मोडू पाहणारे संसार आणि ऐकणारा तिसरा माणूस

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण २०१७ मध्ये ठरविताना राज्य शासनाने पती-पत्नी एकत्रीकरणाला विशेष स्थान दिले. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत आणि मध्ये ३० किलोमीटरहून अधिक अंतर असेल, तर अशा जोडप्याचा बदलीच्या वेळी अग्रक्रमाने विचार व्हावा, असे त्या धोरणाचे सूत्र होते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आणि अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत १४ तालुके पसरलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या तरतुदीचे मोल काय आहे, हे येथील शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. सेवापुस्तकातील नोंदीपलीकडे कर्मचाऱ्याला संसारही असतो, याची शासनाने घेतलेली ती दखल होती.

परंतु हे एकत्रीकरण नकाशावरचे आहे. एका तालुक्यात, एका घरात, एका छपराखाली आलेल्या दोन माणसांमध्ये जे अंतर पडते, ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही आणि त्यावर बदलीच्या अर्जाचा उपाय चालत नाही. हे अंतर वाढू लागले की नवरा-बायको कोणाकडे जातात? पहिली काही वर्षे कोणाकडेच जात नाहीत. पुढे ती माहेरी निघून जाते, मग नातेवाईक बसतात, मग पोलीस ठाणे, मग वकील आणि शेवटी न्यायालय. म्हणजे दुखणे अंगावर काढावयाचे आणि ते हाताबाहेर गेल्यावर थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावयाचे, असा हा क्रम आहे. मधल्या पायऱ्यांवर ज्याला नातेसंबंधांवरील उपचार म्हणता येईल, अशी काही सोय असते, तिचे शास्त्र असते आणि तिचा उपयोग होतो, ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गालाही अद्याप अपरिचित आहे. ग्रामीण भागाची तर गोष्टच नको.

बैठक आणि समुपदेशन

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्याकडे संसार सावरण्याची व्यवस्था पूर्वापार आहे. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. एकत्र कुटुंबात एखादी आत्या, एखादा मामा, एखादी पोक्त शेजारीण हे काम नकळत करीत असे. नव्या सुनेचे डोळे लाल दिसले की तिला विहिरीवर, नदीवर सोबत नेणारी आणि काही न विचारता बोलते करणारी बाई प्रत्येक वाड्यात असे. प्रकरण वाढले तर 'चार माणसे' बसत. भटक्या जमातींच्या जातपंचायती पाथर्डी तालुक्यातील मढीच्या यात्रेत भरत आणि तेथे सोडचिठ्ठीपासून पुनर्विवाहापर्यंतचे निवाडे होत. अगदी अलीकडे, २००७ पासून राबविल्या गेलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतही गावोगावच्या समित्यांनी नवरा-बायकोची भांडणे मिटविण्याचे काम अंगावर घेतले.

मात्र बैठक आणि समुपदेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत निवाडा होतो. कोण चुकले हे ठरते, चुकलेल्याला समज दिली जाते आणि 'आता झाले गेले विसरा' असे म्हणून सर्व जण चहा घेऊन उठतात. बाईच्या वतीने तिचा बाप किंवा भाऊ बोलतो. ती स्वतः दाराआड उभी असते. घराण्याची अब्रू, दिलेला हुंडा, मुलांची लग्ने अशा सर्व गोष्टींचा तेथे हिशेब होतो. मात्र ही दोन माणसे एकमेकांशी कधीपासून आणि का बोलेनाशी झाली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तंटा मिटतो, नाते दुरुस्त होत नाही. सहा महिन्यांनी तीच चार माणसे पुन्हा त्याच ओट्यावर बसलेली दिसतात, ती याचमुळे.

समुपदेशनात निवाडा नसतो. तिसरा माणूस कोणाचाच नातेवाईक नसतो, त्याला कोणाच्या अब्रूची धास्ती नसते आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याचे बंधन त्याच्यावर असते. 'समुपदेशन' हा शब्द मराठीत रूढ झाला खरा, पण त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे. कारण उत्तम समुपदेशक जर काही टाळत असेल, तर तो उपदेशच होय. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच स्थापन केला आणि पुढे त्यांच्या समुपदेशन केंद्राला 'बोलते व्हा' असे नाव दिले. त्या दोन शब्दांत या कामाचे मर्म आले आहे.

टिळक दांपत्याचा धडा

तुटलेले नाते सांधले जाते ते कसे, याचे सर्वांत बोलके उदाहरण शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयास नको. ते याच जिल्ह्यातील आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, बालपणी लग्न होऊन टिळकांच्या घरी आलेल्या. नवऱ्याच्या एका निर्णयाने त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर काही वर्षे हे दांपत्य विभक्त राहिले. धर्मांतर केलेल्या व्यक्तीला, जोडीदार नांदावयास तयार नसल्यास, विवाहबंधनातून मोकळे होण्याची सोय १८६६ च्या कायद्याने उपलब्ध होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रांतून आणि भेटींतून बोलत राहिले.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपल्या अटींवर. आपला आचार त्यांनी सोडला नाही. स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. उतावळ्या, तापट स्वभावाबद्दल प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत विलक्षण धीर दाखविला. एका गावात, पण दोन चुलींवर, असे हे सहजीवन नव्याने सुरू झाले. जातिभेदाविषयीचा लक्ष्मीबाईंचा विचार पालटला तो त्यांच्या स्वतःच्या मनाने, त्यांच्या स्वतःच्या गतीने. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी नवऱ्याचा संताप, लहरीपणा आणि भाबडेपणा यांतले काहीही झाकून ठेवले नाही. तरीही त्या लेखनात कडवटपणा औषधालाही सापडत नाही.

येथे मुद्दा धर्माचा नाही. मुद्दा असा, की दोन माणसांमधला मोठ्यात मोठा मतभेद, ज्यावर तडजोड संभवतच नाही असा मतभेद, कायम असतानाही नाते जुळू शकते. मात्र त्यासाठी काही गोष्टी घडाव्या लागतात. दार बंद न करणे, समोरच्याला त्याच्या गतीने येऊ देणे, त्याची वेगळी चूल मान्य करणे आणि जे झाले त्याचा दंश नाकारावयाचा नाही, ही ती पथ्ये होत. टिळक दांपत्याला ती अंगच्या थोरवीने साधली. सामान्य माणसाला ती कोणीतरी शिकवावी लागतात. नातेसंबंधांवरील आधुनिक उपचार म्हणजे या पथ्यांचे शास्त्र, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

उपचार होतो म्हणजे काय होते?

हे शास्त्र फार जुने नाही. इंग्लंडमध्ये १९३८ मध्ये विवाह-मार्गदर्शनासाठी मंडळ स्थापन झाले. पुढे ते 'रिलेट' या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर ते चालले. १९८० नंतर या क्षेत्रात संशोधनाची शिस्त आली. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रत्यक्ष बोलताना, वाद घालताना न्याहाळले आणि नोंदी ठेवल्या. भांडणे होतात म्हणून संसार मोडतात, ही समजूत त्यांच्या नोंदींत टिकली नाही. सुखी जोडपीही भांडतात. एवढेच नव्हे, तर त्यांचीही बहुतेक भांडणे कधीच कायमची मिटत नाहीत. संसार पोखरतो तो भांडणाचा प्रकार. सतत दोषारोप, लगेच स्वतःचा बचाव, तोंड फिरवून मौन धरणे आणि सर्वांत घातक म्हणजे तुच्छता. 'तुला काय कळतंय' हे वाक्य हसत म्हटले काय किंवा ओरडून म्हटले काय, त्याचा घाव सारखाच.

त्याच सुमारास कॅनडात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनांवर लक्ष केंद्रित करणारी उपचारपद्धती मांडली. तिचे सूत्र साधे आहे. लहान मूल जसे आईच्या आधाराने निर्भय होते, तसे मोठे माणूसही जवळच्या माणसाच्या आधाराने उभे असते. तो आधार डळमळला की एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. आणि एकाचे मागे लागणे हेच दुसऱ्याच्या मागे सरण्याचे कारण होऊन बसते.

नगरच्या कोणत्याही वसाहतीत सहज आढळेल असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. नवरा कचेरीतून येतो, चप्पल काढतो, मोबाईल किंवा वर्तमानपत्र घेऊन बसतो. बायको शाळेतून तासभर आधी आलेली, स्वयंपाकाला लागलेली. ती म्हणते, "घरात काय चाललंय, याचा पत्ता तरी असतो का तुम्हाला?" तो काही बोलत नाही. ती आवाज चढविते. तो उठून बाहेर जातो. दहा वर्षे हेच नाटक, तेच संवाद, तोच शेवट. नातेवाइकांना विचारले तर अर्धे म्हणतील, बाई तोंडाळ आहे. अर्धे म्हणतील, माणूस घुमा आहे.

समुपदेशक या दोहोंपैकी काहीच म्हणत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवितो, एकाला बोलू देतो आणि दुसऱ्याला उत्तर देण्यापूर्वी, 'तुम्ही काय ऐकलेत ते आधी सांगा' असे म्हणतो. हा नियम बालिश वाटतो. परंतु पहिल्या दिवशी बहुतेकांना तो पाळता येत नाही, कारण समोरचा बोलत असताना ते ऐकत नसतात, उत्तर जुळवीत असतात. चार-सहा बैठकांनंतर कधीतरी नवऱ्याच्या तोंडून निघते, "मी गप्प बसतो, कारण मी काहीही बोललो तरी ते चुकीचंच ठरणार, असं वाटतं." आणि बायको म्हणते, "तुम्ही गप्प बसलात की वाटतं, या घरात मी नाहीच." दहा वर्षांत ही दोन वाक्ये एकमेकांना कोणी सांगितलेली नसतात. तिच्या ओरडण्याच्या तळाशी एकटेपण होते आणि त्याच्या मौनाच्या तळाशी भीती होती, हे दोघांना एकाच वेळी दिसते. येथपासून दुरुस्ती सुरू होते. यात चमत्कार नाही, मंत्र नाही आणि ती एका बैठकीत होत नाही.

हा उपचार सर्वांनाच लागू पडतो, असा दावा कोणी जाणता माणूस करणार नाही. अनेक जोडप्यांना त्याचा स्पष्ट फायदा होतो. काहींना होत नाही. काहींचा फायदा काळाने ओसरतो. जी जोडपी लवकर येतात, त्यांना अधिक लाभ होतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुपदेशनाचे यश म्हणजे प्रत्येक संसार टिकविणे नव्हे. दोघांनी शांतपणे विभक्त व्हावयाचे ठरविले, मुलांना ओलीस न धरता ठरविले, तर तेही यशच मानले पाहिजे.

कोयत्याचे अर्थशास्त्र

हा सारा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, पोटाची भ्रांत असलेल्यांना नात्याची चिकित्सा करावयास वेळ कोठे, असे मानणे ही आणखी एक चूक. विवाह ही भावनिक संस्था आहे तशीच ती आर्थिक संस्थाही आहे. आणि जितका माणूस गरीब, तितका त्याचा विवाह अधिक आर्थिक असतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणाऱ्या कुटुंबांकडे पाहावे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, त्याच जिल्ह्याचा हा दुसरा चेहरा. ऊसतोडीच्या व्यवहारात मजुरांची गणती माणशी होत नाही; ती 'कोयत्या'ने होते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पुरुषाला किंवा एकट्या बाईला या हिशेबात पूर्ण जागाच नाही.

याचे परिणाम दूरवर जातात. कोयता पुरा व्हावा म्हणून मुलांची लग्ने लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. स्थलांतर करणाऱ्या पट्ट्यांत हे ओझे अधिक जाणवते. धड ओळख नसलेली दोन कोवळी माणसे पाचटाच्या खोपीत संसार मांडतात. पहाटे फडात, रात्री गाडी भरावयास, अंगावर उचलीचे कर्ज. भांडण झाले आणि बायको माहेरी गेली, तर नुसता संसार मोडत नाही. कोयता मोडतो, उचल फिटत नाही, मुकादम दारात उभा राहतो. म्हणून ती मार खाऊनही जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा संसार टिकलेला दिसतो. वस्तुतः तो कर्जाने बांधलेला असतो.

नोकरदार वर्गात बंध वेगळे, पण हिशेब तसाच. घरकर्जाचे हप्ते दोघांच्या पगारावर बेतलेले असतात. प्रकरण न्यायालयात गेले की पोटगी, तारखा, रजा, प्रवास, वकील असा खर्च दोन्ही घरांना पोखरू लागतो. मुलाच्या शाळेतल्या घसरणीची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, आरंभी थोडक्यात भागणारा खर्च टाळून समाज शेवटी कितीतरी पटींनी अधिक खर्च करीत असतो आणि तो पोलीस, न्यायालय, रुग्णालय व शाळा अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरला गेल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

कायदा कोठे थबकतो?

कायदा या बाबतीत अगदीच आंधळा नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने, शक्य तेथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आणि समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद केली. १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. त्याच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसाच्या टेबलाशेजारी समाजकार्यकर्ती बसविण्याची ती कल्पना पुढे राज्यभर पोहोचली. पोलिसांचे भरोसा सेल आज अनेक जिल्ह्यांत आहेत.

तथापि या सर्व सोयींत एक समान उणीव आहे. त्या तक्रारीनंतर सुरू होतात. पोलीस ठाण्याची पायरी चढल्यावर किंवा अर्जावर मुद्रांक लागल्यावर माणसे मनाने पक्षकार झालेली असतात. तेथे खरे बोलणे म्हणजे विरुद्ध बाजूला पुरावा देणे. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात आली, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचे अंतर ठेवण्यात आले. हेतू हा, की दोघांनी पुन्हा विचार करावा. तो करावयास मदत करणारे मात्र कोणी नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येईल, असा निर्णय दिला. आणि तो योग्यच म्हटला पाहिजे, कारण जेथे विचाराला साहाय्य नाही, तेथे नुसती मुदत ही शिक्षाच ठरते.

दुसरी उणीव गुणवत्तेची. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. पण केवळ 'समुपदेशक' अशी पाटी लावावयास फारसे काही लागत नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांचे नियमन करणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला, त्यात वर्तनविषयक आरोग्यसेवेचाही समावेश आहे. त्याची अंमलबजावणी तालुक्याच्या पातळीवर जाणवेपर्यंत ग्राहकाला पारख करणे कठीणच. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून संसाराची चिकित्सा करणारा माणूस, पत्रिका पाहून शांत करून देणाऱ्यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

जेथे हा उपाय लागू नाही

समुपदेशनाचा पुरस्कार करताना त्याची मर्यादा स्पष्ट न सांगणे हा अपराध ठरेल. जेथे मारहाण आहे, जेथे एक जण दुसऱ्याच्या धाकात आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसवून 'मन मोकळे करा' असे सांगणे म्हणजे मार खाणाऱ्याला पुन्हा माराच्या तोंडी देणे. तिने येथे जे सांगितले, त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार दिला, पण त्याच्या नियमांनी एक कुंपणही घातले. हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनाच्या प्रक्रियेत मान्य होणार नाही. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून' हे वाक्य तेथे कारण म्हणून स्वीकारावयाचे नाही. गावोगावच्या समित्यांनी आणि ठाण्यातल्या मध्यस्थांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा, इतका तो महत्त्वाचा आहे. आधी सुरक्षितता, मग संवाद, हा क्रम उलटा करता येत नाही.

दारूचेही असेच. व्यसन चालू असताना नात्यावरचा उपचार पेलत नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाइतकेच त्याच्या पत्नीकडे लक्ष दिले. दारू सुटली तरी विश्वास आपोआप परतत नाही, हे त्यामागचे शहाणपण होते. पुरुषांशी पुरुषांनी बोलावे, हा विचार घेऊन १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही संस्था उभी राहिली. नाते दुरुस्त करणे ही केवळ बाईची जबाबदारी नव्हे, हे जोवर पुरुषांच्या गळी उतरत नाही, तोवर समुपदेशन केंद्रातील दोन खुर्च्यांपैकी एक रिकामीच राहील.

जामखेडची वाट

मग करावयाचे काय? प्रत्येक तालुक्याला पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर आणखी दोन पिढ्या जातील. सुदैवाने याचे उत्तरही याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर खेड्यात येत नाहीत, तर खेड्यातलीच बाई तयार करावी, असे त्यांनी ठरविले. गावाने निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि अनेकदा गावकुसाबाहेरच्या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, शिकत, अनुभव सांगत आणि परत जात. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे वैद्यक विद्यार्थी जामखेडला शिकावयास आले. त्या बाईला घराघरात प्रवेश होता. ती गरोदरपणाची चौकशी करावयास जाई आणि परत येताना तिला त्या घरातल्या अबोल्याचीही खबर असे.

हेच तत्त्व आज जगात मनाच्या आरोग्यासाठी वापरले जात आहे. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात एक साधा बाक टाकला आणि प्रशिक्षण दिलेल्या आजीबाईंना त्यावर बसविले. गोव्यात 'संगथ' या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि अतिमद्यपान यांवर सरकारी आरोग्य केंद्रांतच उपचार करून दाखविले. या दोन्ही प्रयोगांची काटेकोर तपासणी झाली आणि ते उपयुक्त ठरले. त्यांचे गमक बाकात किंवा आजीबाईंत नव्हते. नेमके शिक्षण, ठरलेल्या पायऱ्या, दर आठवड्याला अनुभवी व्यक्तीची देखरेख आणि हाताबाहेरचे प्रकरण वर पाठविण्याची शिस्त, यांत ते होते.

जिल्ह्याला झेपेल अशी योजना यातून आखता येईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी नातेसंबंधांसाठी एक खोली असावी. तिच्यावर 'घटस्फोट', 'महिला' किंवा 'मानसिक' यांपैकी कोणतीही पाटी नसावी. तिचे दार पोलिसांच्या आवारात उघडू नये. एक प्रशिक्षित समुपदेशक आणि त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या चार-पाच स्थानिक स्त्री-पुरुष कार्यकर्त्यांचा गट पुरेसा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही सोय टोळी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर गावात असावी, हंगामात कारखान्याच्या तळावर असावी. हिवरे बाजारने लग्नापूर्वी एचआयव्ही तपासणीचा दंडक घातला. रक्ताइतकीच स्वभावाची, कर्जाची, अपेक्षांची आगाऊ विचारपूस करणारे दोन तासांचे संभाषण लग्नापूर्वी व्हावे, असा ठराव एखाद्या ग्रामसभेने करावयास काय हरकत आहे? तातडीच्या वेळी २०२२ पासून सुरू असलेली १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा मोफत आहे. ती नात्याच्या दीर्घ उपचाराची जागा घेणार नाही. पण रात्री अकरा वाजता रडणाऱ्या माणसाला कोणीतरी ऐकते, हेही थोडे नाही.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाने यात पुढाकार घेतला पाहिजे, कारण कोणत्याही नव्या उपचाराची लाज प्रथम त्याच वर्गाला वाटते आणि ती जाते तीही त्याच वर्गातून. चष्मा लावणे, क्षयावर औषध घेणे, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणे या साऱ्याच गोष्टी एकेकाळी लपवाव्या लागत. मुख्याध्यापकाने सहज सांगावे, 'आम्ही दोघे काही महिने समुपदेशकाकडे जात होतो', आणि शिक्षकांच्या खोलीत कोणी भुवई उंचावू नये, असा दिवस यावयास हवा.

याच जिल्ह्यातील नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या संवादावर ती उभी आहे, त्याचा आरंभ उपदेशाने होत नाही. पहिल्या अध्यायात बोलतो तो अर्जुन. हातातले धनुष्य गळेपर्यंत, सांगण्यासारखे काही उरेनासे होईपर्यंत तो बोलत राहतो आणि श्रीकृष्ण जवळजवळ काहीच न बोलता ऐकून घेतात. आपल्या घरांत, बैठकांत आणि कचेऱ्यांत दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. टंचाई आहे ती पहिला अध्याय ऐकून घेणाऱ्यांची. आणि ही टंचाई पावसावर अवलंबून नाही.